कॅमेऱ्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

कराडजवळच्या आमच्या घरी पहिले कॅमेरे बसले ते बिबट्यामुळे. उसाच्या कडेला दिसला म्हणून गावात कुजबुज सुरू झाली होती. गोठा घरापासून थोडा लांब, आणि अण्णा रात्री बॅटरी घेऊन एकटेच फेरी मारायचे. जवळच्याच एका कॅमेरेवाल्याने एका दुपारी वायरी ओढल्या, अण्णांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकलं, 'हे दाबलं की गोठा, हे दाबलं की फाटक' एवढं शिकवलं आणि चहा पिऊन गेला. सगळे खूश.

दोन वर्षांनी अण्णांचा मोबाइल बदलला आणि ॲपने पासवर्ड मागितला. असा काही पासवर्ड असतो हेच अण्णांना माहीत नव्हतं. मी पुण्याहून गेलो, ॲपमध्ये नवं खातं उघडलं, कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला. उत्तर आलं: हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्यात जोडलेलं आहे. दुसरं खातं म्हणजे कॅमेरेवाल्याचं. त्याला बोलावलं. बिचारा लगेच आला, स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यात आमचं घर शोधायला लागला. अंगठ्याने यादी वर सरकवत होता: कुणाचा बंगला, कुणाचं दुकान, कुणाचा जिना, कुणाची पडवी. पंचवीस-तीस घरं तरी असतील. मध्येच आमचा गोठा आला. म्हैस निवांत रवंथ करत होती.

माणूस सरळ होता, त्याच्या मनात काही नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं खातं काढायचं म्हणजे ईमेल आला, ओटीपी आला, अर्धा तास गेला. म्हणून सगळं त्याने आपल्याच खात्यात टाकलं होतं. पण थोडक्यात हिशेब असा झाला की कॅमेऱ्याचं बिल आमच्या नावावर आणि सातबारा त्याच्या नावावर.

घरी पहिल्यांदा कॅमेरा घेणाऱ्यांनी खात्यांचं आणि शेअरिंगचं काम कुठून सुरू करावं, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण टी.पी.-लिंकच्या टापो ॲपचं घेतलंय, कारण दुसऱ्या खेपेला आम्ही तेच कॅमेरे घेतले आणि त्याची मला सवय आहे. शाओमीचं 'मी होम', इझीकॅम प्लस, हिक-कनेक्ट किंवा दुसरं कुठलं ॲप असेल तर बटणांची नावं आणि जागा बदलतील. क्रम तोच ठेवा.

आधी किल्ल्या ओळखा

नवखा माणूस 'कॅमेऱ्याचा पासवर्ड' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच पासवर्ड असतो. प्रत्यक्षात तीन असतात.

पहिला ॲपच्या खात्याचा. ईमेल किंवा मोबाइल नंबर देऊन आपण कंपनीकडे खातं काढतो, तो. कॅमेरा या खात्याला बांधला जातो आणि एका वेळी एकाच खात्याला बांधला जातो. तो खातेदार म्हणजे मालक. बाकी सगळे त्याने दिलेल्या परवानगीवर बघणारे. जमिनीच्या भाषेत, त्यांची फक्त वहिवाट.

दुसरा पासवर्ड खुद्द यंत्राचा. वायरीच्या चार-आठ कॅमेऱ्यांचा संच असेल तर रेकॉर्डिंगच्या डब्याला, म्हणजे डीव्हीआरला, 'ॲडमिन' नावाचा वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड असतो. काही कॅमेऱ्यांच्या स्टिकरवर एक पडताळणीचा कोड छापलेला असतो, तोही याच जातीचा. टापोमध्ये 'कॅमेरा अकाउंट' नावाची सोय आहे. ती कॅमेरा दुसऱ्या रेकॉर्डरला किंवा संगणकावरच्या सॉफ्टवेअरला जोडायची असेल तरच लागते. नवख्याने तिला हात लावू नये. घरच्यांना कॅमेरा दाखवण्याशी तिचा संबंध नाही आणि नावामुळे हमखास गोंधळ होतो.

तिसरा वायफायचा. हा बदललात की कॅमेरा मुका होतो आणि घरचे म्हणतात 'कॅमेरा बिघडला'. बिघडलेला नसतो, त्याला नवा पासवर्ड सांगायचा राहिलेला असतो.

पहिली पायरी: मालक कोण, हे घरी बसून ठरवा

ही पायरी मोबाइल हातात न घेता करायची आहे, आणि इथेच मी स्वतः चुकलो होतो.

नवे कॅमेरे आले तेव्हा मी सगळं माझ्या ईमेलवर जोडलं. पुण्यात बसून सांभाळायला सोपं म्हणून. अण्णांना आणि न्यू जर्सीच्या ताईला शेअर केलं. महिनाभराने आईने विचारलं, "अरे, हा ओसरीवरचा बंद कसा करायचा? दुपारी जरा पाठ टेकते मी तिथे." अण्णांच्या मोबाइलमधून बंद करायला गेलो तर तेवढी परवानगी त्यांच्याकडे नव्हती. ती फक्त माझ्याकडे. आई म्हणाली, "म्हणजे घर आमचं आणि परवानगी तुझी होय?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: कॅमेऱ्यात जो दिसतो, कॅमेरा बंद करायचा अधिकार आधी त्याच्या हातात हवा. मालकाचं खातं त्या घरात राहणाऱ्याचं असावं. सांभाळायची कटकट लांबच्या मुलाने करावी, पण सातबाऱ्यावर नाव आई-वडिलांचं. भाड्याच्या घरात भाडेकरूने स्वतःसाठी आत लावलेला कॅमेरा भाडेकरूच्या खात्यात, घरमालकाच्या नाही. आणि कॅमेरेवाल्याच्या खात्यात तर कधीच नाही. तो कितीही ओळखीचा असू दे.

'म्हाताऱ्या माणसांना जमत नाही हो,' हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. खातं त्यांचं आणि मदत तुमची, यात न जमण्यासारखं काही नाही. वीजबिलही अण्णांच्या नावावर येतं, भरतो मीच.

दुसरी पायरी: घराचा एक ईमेल

खात्यासाठी अण्णांचा किंवा माझा रोजचा ईमेल न वापरता आम्ही घराच्या नावाने नवा जीमेल काढला. तो अण्णांच्या आणि माझ्या, दोघांच्या मोबाइलवर उघडलेला आहे. कॅमेरा कंपनीकडून येणारे पडताळणीचे कोड तिथे येतात. त्यामुळे अण्णांना फोन करून 'आत्ता एक ओटीपी येईल, तो वाचून दाखवा' असं म्हणावं लागत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकीकडे आपणच वडिलांना बजावतो की ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आणि दुसरीकडे आठवड्याला एकदा फोन करून तोच मागतो. उद्या माझ्यासारख्या आवाजात दुसऱ्या कुणी मागितला तर त्यांनी कसं ओळखायचं?

पासवर्ड नवा, लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा. 'दुसरीकडे न वापरलेला' याला कारण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एका आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या रिंग कंपनीच्या कॅमेऱ्यातून परका माणूस तिच्याशी बोलायला लागला. त्या सुमारास अशा आणखीही घटना झाल्या. आपली यंत्रणा फुटलेली नाही, इतर ठिकाणाहून फुटलेले पासवर्ड लोकांनी इथेही वापरले होते, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये रिंगने दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत कोडही, सगळ्यांना सक्तीची केली.

मराठी वाक्याचा पासवर्ड रोमन अक्षरांत लिहिला तर लांबही होतो आणि आई-अण्णांच्या लक्षातही राहतो. आमच्याकडे जुन्या बैलांच्या जोडीची नावं, एक आकडा आणि एक चिन्ह असा आहे. होता म्हणू या, हे लिहायच्या आधी बदलला. हा पासवर्ड एका वहीत लिहून आईच्या कपाटात ठेवलाय. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सांगणारे लोक आहेत. ते ऑफिसच्या टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल खरं आहे. आईच्या कपाटापर्यंत पोचणारा चोर कॅमेऱ्यात आधीच दिसलेला असेल.

तिसरी पायरी: कॅमेरा खात्याला जोडणे

ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव बघून घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल टाकू नका.

१. घराच्या ईमेलने खातं काढा. ईमेलमध्ये आलेल्या दुव्यावर किंवा कोडवर पडताळणी पूर्ण करा. देश विचारला तर भारत निवडा. मी होममध्ये तर हा मुद्दा फारच नाजूक आहे. एका प्रदेशात जोडलेला कॅमेरा दुसरा प्रदेश निवडलेल्या मोबाइलवर दिसतच नाही आणि माणूस तासभर कॅमेऱ्याला दोष देत बसतो.

२. कॅमेरा आधी राउटरच्या जवळ आणून लावा. भिंतीवर चढवायची घाई नको. टापो सी२०० सारख्या कॅमेऱ्याचा दिवा लाल-हिरवा असा आळीपाळीने मिचकायला लागला की तो जोडायला तयार आहे.

३. ॲपमध्ये अधिकच्या चिन्हावर जाऊन मॉडेल निवडा आणि ते सांगेल तसं करत जा. मधे मोबाइल कॅमेऱ्याच्याच छोट्या वायफायला जोडला जातो, तेव्हा 'इंटरनेट नाही' असा इशारा येतो. घाबरू नका. घरचं वायफाय निवडताना २.४ गिगाहर्ट्झचं निवडा. अशा बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही.

४. नाव मराठीत आणि जागेचं द्या: फाटक, गोठा, ओसरी. 'कॅमेरा १', 'कॅमेरा २' अशी नावं दिलीत तर रात्री दोन वाजता नोटिफिकेशन आल्यावर कुठे पळायचं ते कळणार नाही.

५. वेळ भारताचीच आहे ना, ते तपासा. पुढे चोरीचं चित्रण पोलिसांना द्यायची वेळ आली तर चित्रावरची वेळ चुकलेली असणं फार महागात पडतं.

६. सॉफ्टवेअरचा अपडेट आला असेल तर लगेच करून घ्या आणि मगच कॅमेरा भिंतीवर चढवा.

यानंतर त्याच बैठकीत दुहेरी पडताळणी चालू करा. टापोत ती 'मी' या भागात, खात्याच्या सुरक्षेखाली सापडते. यापुढे नव्या मोबाइलवरून कुणी खातं उघडायला गेलं की नुसत्या पासवर्डवर भागणार नाही, कोडही लागेल. 'नंतर करू' म्हटलं की राहतं.

कॅमेरा आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर: फेरफार

आमच्यासारखी गत असेल तर कॅमेरेवाल्याला घरी बोलवा आणि तुमच्यासमोर त्याच्या ॲपमधून उपकरण काढून टाकायला सांगा. फोनवर 'काढलं, काढलं' म्हणेल त्यावर विसंबू नका, कारण आपल्याला तपासता येत नाही. त्याआधी मेमरी कार्डावरचं किंवा क्लाउडवरचं लागणारं रेकॉर्डिंग उतरवून घ्या. त्याने काढलं की लगेच, तो चहा पितोय तोवरच, आपल्या खात्यात जोडा.

माणूसच सापडत नसेल तर? रीसेटचं बारीक बटण असतं. सी२०० मध्ये ते लेन्स वर फिरवली की मेमरी कार्डाच्या खाचेजवळ दिसतं. पाच-सहा सेकंद दाबून धरायचं. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एवढं पुरतं. काहींच्या बाबतीत मात्र कॅमेरा कोरा झाला तरी कंपनीच्या सर्व्हरवर तो जुन्याच खात्याला बांधलेला राहतो. चोरलेला कॅमेरा दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून तशी रचना केलेली आहे, त्यामुळे राग आला तरी हेतू चांगला आहे. अशा वेळी बिल, स्टिकरचा फोटो आणि अनुक्रमांक घेऊन कंपनीच्या ग्राहकसेवेकडे जावं लागतं. तो नंबर खोक्यावरून किंवा ॲपमधून घ्या. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात.

बिल नव्हतं म्हणून आमचं आठ दिवस अडलं होतं. शेवटी ते अण्णांच्या खताच्या पावत्यांत सापडलं.

चौथी पायरी: शेअर करणे

इथे लोक सर्रास जी चूक करतात ती अशी: मालकाच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून देतात. आमच्या एका नातेवाइकांच्या ग्रुपवर तो अजूनही वर पिन केलेला आहे. ग्रुपमध्ये चौतीस माणसं, त्यात लग्नासाठी घेतलेला केटरर. असं केल्यावर कोण बघतंय ते कळत नाही, एकालाच बाहेर काढता येत नाही, आणि कुणी चुकून 'डिव्हाइस काढा' दाबलं तर कॅमेराच गेला.

नीट पद्धत अशी. ज्याला दाखवायचंय त्याने आपल्या मोबाइलवर ॲप टाकून स्वतःच्या ईमेलने खातं काढायचं. मालकाने कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'शेअर डिव्हाइस' वर जाऊन तो ईमेल टाकायचा. समोरच्याला निमंत्रण जातं, त्याने ते स्वीकारायचं. झालं. ईमेल अक्षर न अक्षर तपासा. एक टिंब इकडचं तिकडे झालं की निमंत्रण पोचत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्यालाच पोचतं.

शेअर करताना काय काय द्यायचं हे बहुतेक ॲप विचारतात: नुसतं थेट चित्र, की मागचं रेकॉर्डिंगसुद्धा, की कॅमेऱ्यातून बोलण्याची सोयही. आमच्या घरी वाटणी अशी आहे. अण्णांचा मोबाइल हाच मालक. मला सगळे कॅमेरे रेकॉर्डिंगसह. ताईला फाटक आणि ओसरी. शेजारच्या काकांना फक्त गोठा, कारण रात्री म्हैस हंबरली तर आधी तेच पोचतात. भाच्याने मागितला होता, त्याला दिला नाही. त्याला कशाला हवा, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

रेकॉर्डिंगची परवानगी ही थेट चित्राहून मोठी गोष्ट आहे, हे पटकन लक्षात येत नाही. थेट चित्र म्हणजे खिडकीतून डोकावणं. रेकॉर्डिंग म्हणजे घरातलं कोण किती वाजता गेलं, कोण आलं, किती वेळ थांबलं याची पंधरा दिवसांची वही. १२८ जीबीच्या कार्डावर सी२०० चं ३८४ तासांचं, म्हणजे सोळा दिवसांचं चित्रण मावतं, असा कंपनीचा हिशेब आहे. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहिलं जातं.

आणखी एक. घरगुती कॅमेरा एकाच वेळी मोजक्याच मोबाइलवर चालतो. दिवाळीत सगळ्यांनी एकदम आकाशकंदील बघायला कॅमेरा उघडला की कुणाला तरी नुसतं फिरणारं चक्र दिसतं. त्यासाठी माणसं कमी करायची गरज नाही, जरा थांबून बघा.

डीव्हीआर असेल तर वेगळा मार्ग

वायरीच्या संचात बऱ्याचदा ॲपला डब्याचा क्यूआर कोड आणि ॲडमिनचा पासवर्ड दिला की चित्र दिसायला लागतं. म्हणजे बघायला देताना प्रत्येकाला ॲडमिनची किल्लीच द्यावी लागते, असा समज होतो. तसं नाही. टीव्हीच्या पडद्यावर डीव्हीआरचा मेनू उघडा, वापरकर्त्यांच्या भागात जा आणि नवा वापरकर्ता तयार करा. त्याच्यापुढच्या चौकटींत थेट चित्र आणि हवं तर प्लेबॅक एवढ्यावरच खूण ठेवा. हार्डडिस्क पुसणं, सेटिंग बदलणं, वापरकर्ते जोडणं यांवरची खूण काढा. घरच्यांच्या मोबाइलमध्ये हाच वापरकर्ता टाका. ॲडमिन फक्त मालकाकडे.

कॅमेरेवाला काम संपवून निघाला की ॲडमिनचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. जुने डबे कारखान्यातून ठरावीक पासवर्ड घेऊन यायचे, आणि तसेच चालू ठेवले जायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले. कारखान्याच्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी त्याच्याकडे होती, ती तो एकेक करून लावून बघायचा. या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी सेवा काही तास कोलमडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूबवर झलक दाखवून टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. तिथला पासवर्ड 'ॲडमिन१२३' असल्याचं पुढे बातम्यांत आलं. तुमच्या डीव्हीआरचा काय आहे, ते आज बघा.

पाचवी पायरी: घरातल्यांना विचारा

कॅमेऱ्याची जागा ठरवताना माझा नियम कडक आहे: फाटक, अंगण, गोठा, जिना, मुख्य दार. झोपायच्या खोलीत आणि कपडे बदलतात तिथे कधीच नाही. आजारी माणसासाठी आत लावावाच लागला तर तो त्यांच्या नजरेला दिसेल असा आणि त्यांना विचारूनच. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी चूक कंपनीकडूनही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्याच घरातली चित्रं आपल्या ॲपमध्ये दिसली. त्यात ग्राहकांचा काडीचा दोष नव्हता. म्हणून जे परक्याने पाहिलेलं अजिबात चालणार नाही, तिथे कॅमेऱ्याचं तोंड नको.

एकत्र घरात भावाभावांत यावरून वाद होतात आणि ते कोर्टातही गेले आहेत. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या प्रकरणात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. शिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं संमतीशिवाय चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाटणी झालेल्या वाड्यात चुलत्यांच्या दाराकडे कॅमेरा वळवण्याआधी हे आठवावं.

घरकामाला येणाऱ्या मावशींना सांगून टाका की इथे कॅमेरा आहे आणि आवाजही रेकॉर्ड होतो. आमच्या मावशींनी कॅमेरा कुठवर बघतो ते मोबाइलमध्ये पाहून घेतलं आणि जेवायची जागा दोन हात पलीकडे सरकवली. त्यांचा तो हक्कच आहे. आवाजाची गरज नसेल तर सेटिंगमध्ये माइक बंद करता येतो. आम्ही ओसरीवरचा केलाय. आईच्या दुपारसाठी 'प्रायव्हसी मोड' आहे. तो चालू केला की चित्र आणि रेकॉर्डिंग दोन्ही थांबतं. अण्णांना ते बटण दाखवलं, आता ते आईपेक्षा जास्त वापरतात.

नोटिफिकेशनचा त्रास

पहिल्या आठवड्यात ताईचा वैतागलेला मेसेज आला: 'तुमच्या म्हशीने मला पहाटे साडेपाचला उठवलं.' इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे साडेपाच असतात. हिवाळ्यात साडेचार. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरची सूचना आपापली बंद करायची. मालकाने सगळ्यांसाठी बंद केली तर रात्री अण्णांनाही कळणार नाही. मालकाने करायचं ते एवढंच: हालचाल ओळखायचा भाग आखून घ्यायचा. त्यात रस्ता आणि हलणारी झाडं नकोत. आणि सोय असेल तर फक्त माणूस दिसल्यावरच सूचना. गोठ्यावर मात्र आम्ही सगळ्याच हालचाली ठेवल्या, कारण बिबट्या माणूस नव्हे.

लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की कॅमेरा ऑफलाइन, आणि मग चार देशांतून अण्णांना फोन. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

परवानगी काढून घेणे

देण्याइतकंच काढणंही सोपं आहे, पण आठवत नाही. भाडेकरू गेला, कामावरचा माणूस बदलला, नातं तुटलं, कुणाचा मोबाइल चोरीला गेला, की त्याच दिवशी शेअरिंगच्या यादीतून ते नाव काढा. समोरच्याच्या मोबाइलवरून कॅमेरा नाहीसा होतो. त्याच्याकडे आधी उतरवून घेतलेलं चित्रण मात्र राहतं, ते परत आणता येत नाही. शेअरिंग न करता मालकाचा पासवर्डच दिला असेल तर पासवर्ड बदला, आणि तेवढ्यावर थांबू नका. खात्याच्या सुरक्षेत कुठकुठल्या मोबाइलवर लॉगइन आहे ती यादी असते. तिथून अनोळखी उपकरणं बाहेर काढा. पासवर्ड बदलला तरी आधीच उघडलेला मोबाइल आत राहिला, असं काही ॲपमध्ये होतं. डीव्हीआरवर त्या माणसाचा वापरकर्ता पुसा.

आम्ही ही यादी वर्षातून दोनदा बघतो, गणपतीत आणि दिवाळीत, सगळे घरी असतात तेव्हा. गेल्या गणपतीत त्यात एक ईमेल निघाला जो कुणालाच ओळखता येईना. अर्धा तास घर चिंतेत. शेवटी तो ताईचाच जुना निघाला.

खरोखरच परका कुणी आत शिरल्याची खात्री वाटली, कॅमेरा आपोआप फिरला किंवा त्यातून आवाज आला, तर आधी प्लग काढा. मग पासवर्ड बदला, सगळी उपकरणं बाहेर काढा, पडद्याचे फोटो ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. रीसेट करायची घाई नको, तपासाला लागणाऱ्या नोंदी जातील.

कॅमेरा देऊन टाकताना

जुना कॅमेरा विकताना, कुणाला देताना किंवा भंगारात टाकताना क्रम उलटा: सगळ्यांचं शेअरिंग काढा, खात्यातून उपकरण काढून टाका, रीसेटचं बटण दाबा. खात्यातून न काढता दिलात तर घेणारा माझ्यासारखाच क्यूआर कोड स्कॅन करत बसेल, किंवा त्याच्या घरातलं चित्र तुमच्या मोबाइलवर यायला लागेल. क्लाउडचं मासिक शुल्क चालू असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं. कॅमेरा काढला म्हणून पैसे कापले जायचे थांबत नाहीत.

आणि मेमरी कार्ड काढून घ्या. आमच्या पहिल्या संचातल्या एका कॅमेऱ्याचं कार्ड आईने जपून ठेवलंय. त्यावर एका पहाटे गोठ्याच्या कुडावर बसलेला बिबट्या आहे, सात सेकंद.